लॉस्टचं बेट: सावल्या मोजत असाल तर आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. 'लॉस्ट' ही विमान कोसळून अनोळखी बेटावर अडकलेल्या प्रवाशांची अमेरिकन मालिका, तिच्या पहिल्या सीझनमधल्या सावल्या मोजल्या, बेटाचा अक्षांश २१ उत्तर येतोय, पण मालिकेत तर फिजीचं नाव घेतात आणि फिजी दक्षिण गोलार्धात. मग चुकतंय कुठे, असं विचारलंय तुम्ही. अहो, हेच २१ माझ्याकडेही आलं होतं, २००८ साली. आठ महिने गेले त्यात.

आधीच सांगतो, मी खगोलशास्त्रातला नाही, बँकेतला माणूस आहे. आणि शेवटपर्यंत पाहिली नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फुटणार आहे.

विषुवदिनाचं गणित तुम्हाला येतंच, त्यामुळे एका वाक्यात: त्या दिवशी भर दुपारी सूर्य डोक्यापासून जितके अंश कललेला, तितका त्या जागेचा अक्षांश, आणि तो कोन उंची आणि सावलीवरून निघतो. विमान पडतं २२ सप्टेंबरला, म्हणजे सूर्य जवळजवळ विषुववृत्तावर. माझ्यासारख्याला याहून सोयीची तारीख कुठली? डीव्हीडी लायब्ररीतून आणायची, टीव्ही जुना डबा, पॉज केलं की चित्र थरथरायचं. त्यावर भाचीची प्लॅस्टिकची पट्टी दाबून धरायची आणि किनाऱ्यावर उभ्या माणसाची उंची आणि सावली मोजायची. काचेला हात लागला की चरचर व्हायची. पंचेचाळीस-पन्नास फ्रेम मोजल्या. सगळ्यात आखूड सावली उंचीच्या जेमतेम ४० टक्के. समुद्राकडे तोंड केलं की सूर्य डावीकडे मावळतो, म्हणजे समुद्र उत्तरेला. दुपारची सावली समुद्राकडे पडते, म्हणजे सूर्य दक्षिणेला, म्हणजे आपण उत्तर गोलार्धात. सुमारे २१ अंश. बिनतोड.

आणि पद्धत मी तपासूनही घेतली होती, हे मुद्दाम सांगतो. त्याच वर्षी सप्टेंबरात कोथरूडला आमच्या गच्चीवर केरसुणीचा दांडा उभा केला. पावसाळी दिवस, ढग काही हटेनात. साडेबाराच्या सुमारास पाच मिनिटं ऊन पडलं तेवढ्यात मोजलं. सावली दांड्याच्या एक तृतीयांश. उत्तर साडेअठरा अंश. पुण्याचा अक्षांश साडेअठराच! त्या दिवशी मला जो माज चढला, त्यानेच घात केला. पद्धत पुण्याला बरोबर उतरली म्हणजे बेटालाही उतरणार, इतका सरळ विचार.

मग मी काय करावं? फिजी फेटाळून लावलं. वैमानिक पहिल्याच भागात सांगतो की सहा तासांनी रेडिओ गेला, विमान फिजीकडे वळवलं आणि आपण हजार मैल भरकटलोय. मी म्हटलं, वैमानिक खोटं बोलतोय. कशासाठी, याची वीसेक पानं लिहिली. कटकारस्थान, कंपनीचा हात, काही विचारू नका. विमानाच्याही आधी होडीतून बेटावर येऊन अडकलेला डेझ्मंडही खोटारडा ठरवला. तो बिचारा नीट हिशेब देतो: थेट पश्चिमेला नऊ नॉटच्या वेगाने अडीच आठवडे होडी हाकली, फिजी आठवड्याच्या आत यायला हवं होतं. नऊ नॉट म्हणजे तासाला नऊ, दिवसाला २१६ सागरी मैल, आठवड्याला दीड हजारावर. म्हणजे त्याच्या समजुतीने बेट फिजीच्या पूर्वेला २८०० किलोमीटरच्या आत. वैमानिकाच्या बोलण्याशी हे छान जुळतं. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगतायत, आणि मी पट्टीवर विश्वास ठेवून बसलो होतो.

त्याच काळात पॅसिफिकचा मोठा नकाशा हवा म्हणून शहरातल्या एका कचेरीत गेलो. नाव घेत नाही, अजून कामं पडतात तिथे. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज दिला. "कारण?" "बेट शोधायचंय." "कुठलं?" "तेच शोधायचंय." त्यांनी अर्ज परत सरकवला. "बेटाचं नाव लिहून आणा, मग घेतो." दोन चकरा झाल्या, अर्धी रजा गेली, नकाशा काही मिळाला नाही. असो.

दिवाळीच्या आधी एका रविवारी मित्रमंडळींना मिसळीला बोलावलं, माझ्याच खर्चाने, आणि वही उघडून जाहीर केलं: २१ उत्तर. सगळे गप्प, मी खूश. माझा आतेभाऊ सहज आलेला, त्याने मालिकेचा एक भाग पाहिलेला नाही. रश्श्यात पाव बुडवत म्हणाला, "ही मालिका शूट कुठे करतात रे?" "हवाईत. ओआहू बेटावर." "आणि होनोलुलूचा अक्षांश किती?"

भाचीचा शाळेचा अ‍ॅटलास आणला. २१ अंश उत्तर.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे: तुमचं गणित चुकलेलं नाही. तुम्ही कॅमेरा शोधून काढलाय. पहिल्या भागातला विमानाचा सांगाडा ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर, मोकुलेईयाला मांडला होता. म्हणून समुद्र उत्तरेला. सांगाडाही खऱ्या लॉकहीड एल-१०११ विमानाचा, गोष्टीत मात्र ते बोईंग ७७७. (चित्रीकरणाची तारीख गोष्टीतल्या तारखेशी जुळत नाही, त्यामुळे अंश इतका नेमका येण्यात थोडा योगायोगही आहे. दोन्ही वेळा सूर्य सारख्याच जागी असेल असं नाही.) कोरियातली, इराकमधली, लंडनमधलीही बहुतेक दृश्यं तिथेच केलेली. सावलीवर विश्वास ठेवायचा तर सोलसुद्धा २१ अंशावर येईल, आणि ते आहे साडेसदतीसवर.

मग पुरावा कशाला मानायचा? हे माझं मत, पटलं तर घ्या. पात्रांनी आपणहून, कोणाला फसवायचं नसताना दिलेले आकडे घ्या. मालिकेत बालीजवळच्या सुंदा गर्तेत, म्हणजे समुद्रातल्या खोल दरीत, विमानाचे अवशेष सापडल्याची बातमी येते, ती सोडून द्या. तो बनाव आहे, आणि एवढं होऊनही लोक बालीभोवती वर्तुळं काढत बसतात, याचं मला नवल वाटतं. तो बनाव कोणी केला यावरून बेटावरच्या जुन्या रहिवाशांचा म्होरक्या बेन आणि त्याचा वैरी, धनाढ्य विडमोर, एकमेकांकडे बोट दाखवतात, त्या भांडणात तर पडूच नका. बेनने मायकल या प्रवाशाला दिलेली होकायंत्रावरची ३२५ अंशांची दिशा आणि पुढे बेटाजवळच्या जहाजाच्या हेलिकॉप्टरला मिळालेली ३०५ ही बाहेर पडायच्या वाटा आहेत, बेटाचा पत्ता नव्हे. हा फरक मीही उशिरा ओळखला.

माझ्या दृष्टीने निकाल दोनच गोष्टींनी लागतो. एक, त्याच जहाजावरून आलेल्या फॅरडे या शास्त्रज्ञाचा रॉकेटचा प्रयोग: जहाजावरून सुटलेलं रॉकेट बेटावर पोचतं तेव्हा त्यातलं घड्याळ आणि त्याचं स्वतःचं घड्याळ यांत ३१ मिनिटांचा फरक. जिथे घड्याळं जुळत नाहीत तिथे रेखांश कशावरून काढणार? जुन्या दर्यावर्दींना रेखांश घड्याळावरूनच कळायचा. दुसरी, पाचव्या सीझनमधलं लॉस एंजेलिसच्या चर्चखालचं, बेट हुडकण्यासाठी बांधलेलं लँप पोस्ट स्टेशन. जमिनीवर नकाशा, वर फूकोचा लंबक (पृथ्वीच्या फिरण्यामुळे ज्याच्या झोक्याची दिशा हळूहळू बदलते तो), आणि ते स्टेशन सांभाळणाऱ्या मिसेस हॉकिंग सांगतात की बेट सारखं हलत असतं, ते पुढे कुठे असेल एवढंच हुडकायचं. म्हणून तर पुढचं विमान, आजिरा ३१६, लॉस एंजेलिसहून गुआमला निघतं आणि मध्येच बेटावर उतरतं. मग फिजी? विमान पडलं तेव्हा बेट त्या बाजूला होतं, इतकंच म्हणेन.

जाता जाता, "शेवटी सगळे आधीच मेलेले होते" असं कोणी ऐकवलं तर वाद घालू नका. शेवटच्या भागात श्रेयनामावलीबरोबर रिकाम्या किनाऱ्यावरच्या सांगाड्याची दृश्यं दिसतात, ती वाहिनीने जोडलेली होती. त्यावरून हा घोळ झाला.

माझी वही अजून आहे. हवी असेल तर निरोप टाका, कोथरूडला येऊन घेऊन जा. वैमानिकाच्या कारस्थानाची वीस पानं मात्र त्यात नाहीत. त्या रविवारी पाण्याचा ग्लास सांडला आणि आतेभावाने टेबल त्या पानांनीच पुसलं.