आपत्तीचा इशारा साध्या एसएमएसने का पाठवत नाहीत?

कारण एसएमएस एकेका नंबरला जातो. लाखो लोकांना पाठवायचा म्हटलं की रांग लागते, आणि नेमके तेव्हाच सगळे घरच्यांना फोन लावत असतात, म्हणजे नेटवर्क आधीच तुंबलेलं. म्हणून इशाऱ्यासाठी सेल ब्रॉडकास्ट ही वेगळी पद्धत वापरतात. तिच्यात मोबाइलचा टॉवर रेडिओसारखा एकदाच संदेश सोडतो. टप्प्यातले फोन तो काही सेकंदांत पकडतात. त्यासाठी कुणाच्या नंबरची गरज नसते, इंटरनेटचीही नाही. फोन सायलेंटवर असला तरी बहुधा कर्कश भोंगा वाजतो. एअरप्लेन मोडवर असेल तर मात्र काहीच येणार नाही.

मला जास्त धास्ती चुकीच्या इशाऱ्याची वाटते. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा संदेश चुकून गेला. तो खोटा होता हे फोनवर कळवायला ३८ मिनिटं लागली!