लहानपणच्या आठवणींवरून वर्गात वाचायला गोष्टी लिहिल्या, पण मुलं रमत नाहीत. काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की तिसरी-चौथीच्या वर्गासाठी चार-पाच गोष्टी तयार केल्या, मोठ्यांनी त्या वाचून वाहवा केली, पण वर्गात दुसऱ्या परिच्छेदालाच चुळबुळ सुरू होते. गोष्टी न वाचताही एक अंदाज बांधतो. त्यांतली बरीचशी क्रियापदं ‘जायचो, खेळायचो, भिजायचो’ अशी असणार.

हा रीती भूतकाळ. आठवणी सांगायला तो फार सोयीचा, कारण शंभर दिवस एका वाक्यात मावतात. गोष्टीचा मात्र तो घात करतो. ‘आम्ही ओढ्यावर जायचो’ यात काही घडतच नाही. जे नेहमी व्हायचं तेच पुन्हा होणार हे ऐकणाऱ्याला कळतं. मोठ्या माणसाला त्यात स्वतःचे दिवस आठवतात म्हणून तो वाहवा करतो. नऊ वर्षांच्या मुलाकडे आठवायला तेवढं मागे काही नसतं. त्याला ‘मग काय झालं?’ एवढंच हवं असतं. म्हणून पहिलं काम असं: लाल पेन घ्या, प्रत्येक ‘-यचो, -यचे, -यची’ खाली रेघ मारा आणि तिथे ‘त्या दिवशी’ लिहून वाक्य पुढे चालवून बघा. ज्या आठवणीत ‘त्या दिवशी’ सापडत नाही ती गोष्ट होत नाही, ती वर्णनच राहते. बाजूला ठेवा.

एक उदाहरण घेऊ. कच्ची आठवण अशी: ‘आम्ही वाचनालयातून पुस्तकं आणायचो. पावसात ती दप्तरात भिजायची. मग फार ओरडा बसायचा. पण त्या दिवसांची मजा काही औरच होती.’ शेवटचं वाक्य आधी काढा, ते मोठ्या माणसाचं आहे. आता एक मूल, एक दिवस, एक अडचण:

‘नंदाने दप्तर उघडलं. पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटली होती. तिने एक पान हळूच ओढलं. कोपरा हातात आला. उद्या पुस्तक परत द्यायचं होतं.’

पाच वाक्यांत मुलीला काय हवंय ते कळलं (पुस्तक होतं तसं व्हायला हवं), आड काय येतंय ते कळलं आणि मुदतही कळली. यापुढे तिचे तीन प्रयत्न लिहा, आणि पहिल्या दोन प्रयत्नांनी अडचण वाढली पाहिजे. ती पुस्तक उशीखाली दाबून ठेवते; ओली पानं दाबली की अधिकच चिकटतात. मग गरम इस्त्री फिरवते. पान वाकडं होतं आणि वास सुटतो. तिसऱ्यांदा तिला वहीचे कोरे कागद पाना-पानांत घालायचं सुचतं. हे तिलाच सुचलं पाहिजे. आईने, बाईंनी किंवा आजोबांनी येऊन सोडवलं, तर ऐकणाऱ्या मुलांच्या हातून गोष्ट गेली. आठवणीत खरोखर मोठ्यांनीच सोडवलं असेल तरी इथे बदला.

‘पण ते खोटं होईल’ ही शंका बऱ्याच जणांना अडवते. आठवण तशीही जशीच्या तशी जपून राहत नाही. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग आहेत: लोकांना परक्या संस्कृतीतली एक लोककथा वाचायला देऊन काही काळाने ती आठवून लिहायला सांगितली. ज्याचा अर्थ लागत नव्हता ते तपशील गळले किंवा ओळखीच्या गोष्टींत बदलले, आणि कथा सरळ, गुळगुळीत झाली. आठवणीतून लिहिताना आपल्या हातून नेमकं हेच होतं. म्हणून घटना खुशाल बदला, पण विचित्र तपशील सोडू नका: भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास, शाईचा निळा डाग समोरच्या पानावर उलटा उमटलेला. मुलं गोष्ट विसरतात आणि उलटा डाग लक्षात ठेवतात.

असे तपशील नुसतं बसून आठवत नाहीत. लहानपणच्या घराचा किंवा शाळेचा नकाशा कागदावर काढा, दारं-खिडक्यांसकट, आणि प्रत्येक कोपऱ्यात काय ठेवलेलं असायचं ते लिहा. मग वीस मिनिटांत फक्त एकेक ओळ: काय हरवलं, काय लपवलं, कशाची भीती वाटली, काय पहिल्यांदा जमलं, कुठे खोटं बोलावं लागलं. तीस ओळी झाल्या तर त्यातून चार-पाच गोष्टी निघतील. निवडताना ज्या प्रसंगाचा काळ अर्ध्या तासापासून एका दिवसापर्यंत आहे तो घ्या. अख्खी सुट्टी एका गोष्टीत बसवायला जाल तर पुन्हा ‘जायचो-खायचो’ सुरू होईल.

लांबीबद्दल. पहिली-दुसरीतल्या मुलांनी स्वतः वाचायची असेल तर १०० ते २०० शब्द आणि वाक्यात पाच ते आठ शब्द पुरेत. तुमच्या तिसरी-चौथीला ४०० ते ६००. शिक्षकांनी वाचून दाखवायची असेल तर थोडी मोठी चालते. थांबत, चित्रं दाखवत वाचलं की मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे ६०० शब्दांना सहा-सात मिनिटं लागतात. पस्तीस मिनिटांच्या तासात बोलायला आणि लिहायला जागा उरते. हजाराच्या वर गेलात तर दोन दिवसांत वाचा आणि पहिल्या दिवशी अडचण सर्वांत वाढलेली असेल तिथे तोडा.

स्वतः वाचणाऱ्यांसाठी लिहिताना आणखी एक बघा: जोडाक्षरं. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला ‘प्रत्यक्ष’, ‘कर्तव्य’, ‘उत्स्फूर्त’ असे शब्द सलग आले की अर्थ सुटतो. ‘पुस्तक’ टाळता येणार नाही, आणि टाळूही नये. रोजच्या बोलण्यातला शब्द अक्षर कठीण असलं तरी अंदाजाने वाचला जातो. अडचण पुस्तकी शब्दांची आहे. पात्रांची नावं साधी ठेवा आणि वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी निवडा. नंदा, नंदू आणि नीता एकाच गोष्टीत आले की मोठाही वाचक गोंधळतो.

‘मी’ वापरायचा की नाही? मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताच सांगणारा मुलगा की मुलगी हे ठरतं. शिक्षक ‘मी’ने वाचतात तेव्हा मुलांना तो शिक्षकांचाच अनुभव वाटतो, आणि ‘हे खरंच झालं होतं?’ यावरच तास जातो. कधी ते हवंही असतं. पण सुरुवातीला तृतीय पुरुष घ्या. त्याने आणखी एक फायदा होतो, ‘तेव्हा मला कुठे ठाऊक होतं की…’ असली पुढचं माहीत असणारी वाक्यं आपोआप गळतात. गोष्टीत आजचा मोठा माणूस डोकावला की मुलांना लगेच कळतं.

जुन्या वस्तू गोष्टीत येणारच. एका गोष्टीत एक-दोन बस्स, आणि त्या समजावू नका, वापरून दाखवा. ‘पूर्वी चकतीचे फोन असत’ असं लिहिलं की धडा सुरू होतो. ‘तिने भोकात बोट घातलं, चकती फिरवली आणि सोडली. चकती कर्रर्र करत परत आली. अजून पाच आकडे उरले होते.’ इथे वस्तूही कळली आणि घाईही.

काही गोष्टी मात्र गाळाच. खऱ्या माणसांची नावं बदला, आणि ओळख पटेल अशी खूण असेल तर दोन माणसं मिसळून एक पात्र करा. व्यंगावरून, रंगावरून ठेवलेल्या टोपणनावांना तेव्हा सगळे हसत असतील, पण वर्गात तेच नाव दुपारपर्यंत कोणाला तरी चिकटतं. मार खाल्ल्याचे विनोदी प्रसंगही तसेच. आणि विहिरीत उडी, आगीशी खेळ असली धाडसं काहीही न होता संपली, तर ती कृती मुलांच्या डोक्यात राहते.

शेवट. तात्पर्य लिहू नका. नंदाचं पुस्तक सुकतं, पण फुगून जाड होतं आणि मिटत नाही. ती ते तसंच परत देते. पुढच्या आठवड्यात दुसरं कोणी तेच पुस्तक उघडतं आणि ते आपोआप फाटक्या कोपऱ्याच्या पानावर उघडतं. इथे थांबा. ती परत देताना काही बोलली की नाही, हे मुलांनाच ठरवू द्या. चर्चेचा तास तिथेच मिळतो. वाचतानाही प्रश्नासाठी एकदाच थांबायचं, इस्त्री हातात घेण्याच्या आधी, आणि विचारायचं: ‘आता ती काय करेल?’ तीनदा थांबलात तर ती प्रश्नपत्रिका होते.

नंतर मुलांकडून लिहून घेणार असाल तर विषय वस्तूवरून द्या: ‘हातून बिघडलेली एक वस्तू’. ‘आईबाबांबरोबरची आठवण’ हा विषय सगळ्या मुलांना सोसत नाही.

पुस्तिका करायची तर ए-फोर कागद मधोमध दुमडा. एका कागदाची चार पानं होतात, तीन कागदांची बारा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि मध्ये गोष्टीला दहा. पानांची संख्या चारच्या पटीत ठरवूनच मजकूर तोडा, नाहीतर शेवटी दोन कोरी पानं उरतात. अक्षर लहान वर्गांना १८-२० पॉइंट, तिसरीनंतर १६ चालेल. ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. चित्रात दिसतं ते शब्दांतून काढून टाका.

छापण्याआधी गोष्ट दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्या आणि तुम्ही मुलांच्या मागे बसा. स्वतः वाचताना आवाजाच्या चढ-उताराने आपण भोकं बुजवतो आणि ती कळतच नाहीत. हातात छापील प्रत ठेवा. वाचणारा जिथे अडखळेल तिथे फुली, आणि मुलं जिथे एकमेकांकडे बघायला लागतील तिथे समासात रेघ. फुलीचं वाक्य लहान करा. रेघेच्या वरच्या तीन-चार ओळी तपासा. बहुतेक वेळा तिथेच कुठेतरी एक ‘-यचो’ लपून राहिलेला असतो.