पाच आणि आठ वर्षांच्या मुलांना मालवणात कोणत्या किनाऱ्यावर न्यावं?

डिसेंबरात दोन लहान मुलांना घेऊन मालवणला येताय आणि 'लाटा नसलेला, म्हणजे सुरक्षित' किनारा हवा, असं तुम्ही विचारलंय. किनारा सांगतो: चिवला. गावाला लागून आहे, दोन्ही टोकांना खडपं (समुद्रातले खडक) आहेत आणि पाणी तारकर्लीपेक्षा बरंच शांत असतं. पण 'लाटा नाहीत म्हणजे सुरक्षित' हे मला मान्य नाही. आमच्या मेव्हण्यांशी याच वाक्यावरून माझा कित्येक वर्षांचा वाद आहे, म्हणून जरा लांबून सांगतो.

लहान मुलांसाठी किनाऱ्याइतकीच वेळही निवडावी लागते. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन असं मोजायचं. दिवसात दोन भरत्या येतात आणि भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे तृतीया ते पंचमी या दिवसांत ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान संपते आणि त्यानंतर पाणी चढायला लागतं. मुलांना खेळवायला हे सगळ्यात चांगले दिवस. वाळू मोकळी असते, पाणी उथळ असतं आणि त्याची चाल किनाऱ्याकडे असते. पाणी वळल्यापासून पहिले दोन तास घ्या. भरतीचं पाणी एका वेगाने चढत नाही, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मी भरती येते. आपल्याकडे उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीला, दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे त्या दोन तासांत मीटरभर पाणी. गुडघाभर पाण्यात उभं असलेलं पाच वर्षांचं मूल तिथेच उभं राहिलं तर बुडतं.

आता अष्टमी ते एकादशी घ्या. भरती सकाळी सहा ते सव्वाआठला संपते आणि तुम्ही नाश्ता करून किनाऱ्यावर पोचता तेव्हा पाणी बाहेर चाललेलं असतं. त्यात डिसेंबरात सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्याजवळचं पाणी या वाऱ्याने तेलासारखं सपाट दिसतं. मेव्हण्यांना तेच आवडतं. ते दरवर्षी हवा भरायची रंगीत रिंग घेऊन येतात आणि माझ्या मते या किनाऱ्यावर सगळ्यात धोकादायक वस्तू तीच. एकदा मी त्यांच्यासमोर रिकामी रिंग घोटाभर पाण्यात ठेवली आणि सोडली. पहिला मिनिटभर ती जागची हलली नाही, मग हळूहळू आत जायला लागली. किनाऱ्याच्या आडोशातून बाहेर पडल्यावर वारा नीट लागतो, तिथून तिने असा वेग घेतला की पोहून गाठता आली नसती. रिंग पाण्यात जेमतेम बुडते, सगळी वाऱ्यावर असते, त्यामुळे तिला लाटेची गरजच नसते. उलट लाट असती तर तिने रिंग किनाऱ्याकडे ढकलली असती. मेव्हणे म्हणाले, त्यात मूल बसलं की जड होईल. जड होते, पण थांबत नाही, आणि मूल घाबरून एका बाजूला वाकलं की उलटते.

दुपारी खारे वारे सुरू झाले की पाणी खवळल्यासारखं दिसतं, तरी वारा किनाऱ्याकडे असतो. म्हणून दिसण्यावर जाऊ नका.

खडपांवर मुलांना अनवाणी चढू देऊ नका. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा पात्यासारख्या असतात आणि त्या जखमा चिघळतात. मागे पट्टा असलेली रबरी सँडल घाला, चप्पल पाण्यात निघून जाते. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घासत चालायला शिकवा, वाळूत बसलेलं पाखट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) दूर सरकतं. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. रापण (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर बघा जरूर, पण मुलांना दोराच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. निळे किंवा पांढरे कपडे पाण्यात दिसेनासे होतात, भडक नारिंगी घ्या. मोठ्या माणसाने मुलाच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला उभं राहायचं. एका मुलामागे एक माणूस, आणि त्याचा फोन पिशवीत.

देवबागला संगम बघायला जाल. तिथे ओहोटीला कर्ली नदीचं पाणी जोरात बाहेर पडतं. मुलांचे पायसुद्धा त्यात घालू नका.

तिथीचं गणित तासाभरानेही चुकू शकतं, त्यामुळे नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. हे गणित कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला लागू पडतं, चेन्नईला नाही. अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक लहान असतो आणि पाण्याची ओढ कमी असते, हेही खरं. पण मतलई वाऱ्याला तिथी नसते. आणि हे सगळं पावसाळ्याबाहेरचं आहे. जून ते नारळी पौर्णिमा चिवल्यालाही पाण्यात उतरू नका.

रिंगला दोरी बांधून टोक हातात धरतो, हा मेव्हण्यांचा शेवटचा मुद्दा. दोरीने रिंग परत येते, तिच्यातून निसटलेलं मूल येत नाही. मुलांना तरंगायचंच असेल तर वजनाप्रमाणे निवडलेलं, मांड्यांमधून पट्टा जाणारं लाइफ जॅकेट घ्या. घातल्यावर खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, एक माप लहान घ्या.