वाचकांचे प्रश्न : हाताखालची माणसे वयाने मोठी असताना

प्रश्न : मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गेल्या दिवाळीपासून शिफ्ट सुपरवायझर आहे. माझे वय 26 असून हाताखालचे निम्मे कामगार माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. सांगितलेले काम ते करतात, पण मन घालून करत नाहीत. आपण लष्करात अधिकारी होता. तिथे हुकूम मोडताच येत नाही. मग तिथल्या अनुभवातून आमच्यासारख्यांनी काय घ्यावे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : हुकूम मोडता येत नाही म्हणून लष्कर चालते, असे तोफखान्यात रुजू होताना मलाही वाटत असे. माझ्या हाताखाली आलेले सुभेदार मी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होतो त्या काळात भरती झालेले होते. आपल्या सैन्यात नवा लेफ्टनंट सुभेदारांना ‘साहेब’ म्हणतो आणि सुभेदारही त्याला ‘साहेब’ म्हणून सॅल्यूट करतात. निर्णयाचा अधिकार एकाकडे आणि अनुभव दुसऱ्याकडे आहे, हे दोघांनीही रोज उघडपणे मान्य करण्याची ती रीत आहे. देवळालीच्या फायरिंग रेंजवर तर धोका दिसताच ‘स्टॉप’ असा पुकारा कोणीही करावा, अशी शिकवण असे. तिथे पुकारणाऱ्याचा हुद्दा कोणी विचारत नाही. आपल्या शिफ्टमधल्या सर्वांत जुन्या कारागिराला यंत्र सुरू करण्यापूर्वी त्याचे मत विचारावे, ते सर्वांसमोर विचारावे, आणि मग निर्णय मात्र स्वतः घ्यावा. निर्णय चुकला तर चूक आपली, हेही सर्वांसमोर म्हणावे.

पण मन घालून काम होण्यासाठी एवढे पुरत नाही. त्यासाठी शिवाजी महाराजांचे एक पत्र आपण अवश्य वाचावे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातले हे पत्र चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणीला राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले आहे. त्यात लढाईचे डावपेच नाहीत. आहे ती दाणा-वैरणीची चिंता. जमवलेला दाणा आत्ताच बेहिशेबी उधळला तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग शिपाई रयतेकडून दाणे, भाकरी, लाकूडफाटा उचलू लागतील आणि रयतेला मोगल परवडले असे वाटेल, हे महाराज पायरीपायरीने समजावून सांगतात. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतका बारकावा त्या पत्रात आहे. ज्याच्यावर राज्याचा भार आहे त्याने उंदराचा आणि वातीचा विचार करावा, हे मला कोणत्याही रणांगणावरच्या पराक्रमाइतकेच मोठे वाटते, कारण आपल्या घोड्याच्या वैरणीची काळजी धनी वाहतो आहे हे कळलेला शिपाई त्या धन्यासाठी जीव टाकतो. मला आणखी एक गोष्ट मोलाची वाटते, ती म्हणजे महाराज केवळ हुकूम देऊन थांबत नाहीत, तर प्रत्येक हुकमामागचे कारण सांगतात.

आमच्याकडे अधिकाऱ्याने लंगरमध्ये जाऊन जवानांचे जेवण चाखून पाहण्याची पद्धत आहे, ती याच विचारातली. आपल्या कारखान्यातले रात्रपाळीचे कॅन्टीन, हातमोजे, पिण्याचे पाणी आणि पगाराच्या चिठ्ठीतल्या चुका आपण स्वतः पाहता का, याचे उत्तर आधी स्वतःला द्यावे.

प्रश्न : आमचे विभागप्रमुख निम्म्या मनुष्यबळात पूर्ण काम मागतात आणि ‘रामशेज लाकडी तोफांवर लढला’ असा दाखला देतात. त्यांना नाही कसे म्हणावे?
— एक वाचक, दिंडोरी रोड

उत्तर : दाखला खरा आहे, पण अर्धा आहे. आशेवाडीजवळच्या या किल्ल्याला 1682 मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि किल्ला काही वर्षे दाद देईना. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून लाकडाच्या तोफा करून त्यांवर कातडे मढवले होते, असे मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान लिहितो. मात्र त्याच काळात संभाजी महाराजांनी बाहेरून कुमक धाडून वेढा घालणाऱ्यांना स्वस्थ बसू दिले नव्हते. शिवाय वेढ्यात सापडलेल्या किल्लेदाराला तोफा निवडण्याची सोय नव्हती. आपल्या प्रमुखांना ती आहे. रामशेजचे नाव जो वरिष्ठ घेतो, त्याने कुमकेची जबाबदारीही घ्यावी, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

नाही कसे म्हणावे याचा दाखला 1971 चा आहे. पूर्व पाकिस्तानात एप्रिलमध्येच सैन्य घालण्याचा विषय मंत्रिमंडळात निघाला तेव्हा आपण नकार दिला, असे लष्करप्रमुख जनरल माणेकशा यांनी पुढे अनेकदा सांगितले. पावसाळ्यात तिथल्या नद्या समुद्रासारख्या पसरतील, हिमालयातल्या खिंडी खुल्या असल्यामुळे चीनकडूनही धोका राहील आणि सैन्य विखुरलेले आहे, ही त्यांची कारणे होती. युद्ध 3 डिसेंबरला सुरू झाले, 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि सुमारे 93,000 जण युद्धकैदी झाले. माणेकशांच्या नकारात कारणे होती आणि तयारीला किती अवधी हवा याचा हिशेबही होता. आपणही प्रमुखांकडे जाताना किती माणसे, कोणती यंत्रे आणि कोणती तारीख, हे एका कागदावर लिहून न्यावे, आणि त्या तारखेला काम पूर्ण करून देण्याची हमी स्वतःच्या सहीने द्यावी.