पाहुण्यांना काय सांगू?

संगमनेर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. घरी १४ संकरित गाई. मुलगी दुसऱ्यांदा नीट देणार आहे, पण तिला एमबीबीएस नको, गाईंच्या आहारावर संशोधन करायचंय. वडील लिहितात, ‘मी जन्मभर शेण काढलं. शिकून-सवरून तिनं परत गोठ्यातच यायचं? पाहुण्यांना काय सांगू?’

तुमच्या पत्रात मार्कांवर दोन ओळी आहेत आणि पाहुण्यांवर अख्खं पान. मला काळजी त्या पानाची वाटते. ज्या गाईंच्या दुधावर तिच्या क्लासची फी भरली, त्यांचीच बापाला लाज वाटते, हे ती पोर रोज ऐकते आहे. एमबीबीएस तिला हवं म्हणून नाही, तुम्हाला चारचौघांत सांगायला हवं म्हणून चाललंय. हे थांबवा.

ती अभ्यास सोडून वहीत गाईंच्या दुधाची फॅट लिहीत बसते, अशी तुमची तक्रार. त्या वहीत काय आहे ते तुम्हीच लिहिलंय: कडबा संपला, तुम्ही गोळी पेंड (तयार पशुखाद्य) वाढवली आणि फॅट ३.८ टक्क्यांवरून ३.२ वर आली. ३.५ च्या खाली गेल्यावर डेअरीनं दर कापला. अहो, संशोधनाचा प्रश्न असाच सुरू होतो! ‘पेंड जास्त, तर दूध जास्त’ हा गैरसमज गोठ्यागोठ्यात आहे. गाईच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यातले जिवाणू चाऱ्यातले तंतू आंबवतात, त्यातून ॲसिटिक आम्ल तयार होतं आणि कासेत बरीचशी फॅट त्यातूनच बनते. चारा घटवून पेंड वाढवली की रवंथ कमी होतं, लाळ कमी सुटते, पोटातली आम्लता वाढते. फॅट तर घसरतेच, पुढे गाय लंगडायलाही लागते. पुस्तक न उघडता तुमच्या मुलीनं हे निम्मं ओळखलंय.

‘मग डेअरी टेक्नॉलॉजी तरी घे’ असा सल्ला कुणी दिला, तर तोही तिच्या कामाचा नाही. तो अभ्यास दूध कासेतून बाहेर आल्यानंतरचा. तिचा प्रश्न गव्हाणीतला आहे.

नीटच्याच गुणांवर पशुवैद्यकीय पदवी मिळवता येते, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. पुढे पशुपोषणात एम.व्ही.एस्सी. (पदव्युत्तर पदवी) आणि पीएच.डी.; त्यासाठी कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आहे, बंगळुरूला पशुपोषणाचीच राष्ट्रीय संस्था आहे. अनुवंशशास्त्राकडे वळली तरी काम भरपूर आहे. देशी गाईंची जनुकीय निवड करण्यासाठीची ‘गौचिप’ ही जनुकीय तपासणीची चिप ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या वाशिम जिल्ह्यातच सादर झाली. रस्ता लांबचा आहे, हे मात्र लपवत नाही. संशोधकाच्या कायम जागा मोजक्या असतात. पशुखाद्य कंपन्या आणि दूध संघांतल्या नोकऱ्यांचीही तयारी तिनं ठेवावी.

एक गोष्ट विसरू नका. पशुवैद्यकीय प्रवेशाचा अर्ज नागपूरच्या माफसूकडे (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) वेगळा भरावा लागतो, एमबीबीएसच्या अर्जात तो येत नाही. निकालाच्या सुमारास त्यांचं संकेतस्थळ रोज बघा.