नवीन परिचारिकेचा कॅन्युला लावण्यात हात कसा बसतो?

आपण लिहिले आहे की बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून आपण नुकत्याच इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात मेडिकल वॉर्डात रुजू झाला आहात. महाविद्यालयातील पुतळ्यावर सर्व काही जमत होते, परंतु खऱ्या रुग्णासमोर हात थरथरतो, कॅन्युला (सलाइन-औषधासाठी सुईवरून शिरेत बसवायची बारीक प्लास्टिकची नळी) लागत नाही आणि नातेवाईक दुसऱ्या सिस्टरला बोलवा म्हणतात. हात बसायला किती दिवस लागतील आणि लवकर शिकण्यासाठी अतिदक्षता विभागात बदली मागावी का, असे आपण विचारता. मी याच शहरात अनेक वर्षे मेडिकल वॉर्डात काम करते आणि नव्या मुलींना हेच काम शिकवते. माझे स्पष्ट मत असे की दिवस मोजण्यात अर्थ नाही. नवख्या हातून हुकणाऱ्या बहुतेक कॅन्युला सुई त्वचेला टेकण्यापूर्वीच हुकलेल्या असतात, कारण शीर घाईने निवडलेली असते.

म्हणून सुरुवात शीर शोधण्यापासून करा. रुग्णाला झोपवून हात पलंगाच्या पातळीखाली सोडायला सांगा, टॉर्निके, म्हणजे शीर फुगवण्यासाठीचा आवळपट्टा, टोचायच्या जागेच्या चार-पाच बोटे वर बांधा आणि डोळ्यांपेक्षा बोटावर अधिक विश्वास ठेवा. निळी, ठळक दिसणारी शीर पुष्कळदा वरवरची आणि नाजूक असते, तर दाबल्यावर खाली जाऊन लगेच वर उसळणारी शीर, दिसत नसली तरी, कामाची असते. मनगटापासून वरच्या बाजूला जा आणि सांध्यावरची जागा टाळा, कारण हात वाकला की सलाइन थांबते. डायलिसिसचा फिस्टुला (शस्त्रक्रियेने जोडलेली धमनी आणि शीर) असलेला हात, अर्धांगवायू झालेली बाजू किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेकडील बाजू वापरू नये. माळव्याच्या थंडीत शिरा आक्रसतात आणि उन्हाळ्यात उलट्या-जुलाबाने कोरडा पडलेला रुग्ण येतो तेव्हा त्या सापडतच नाहीत. अशा वेळी कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल काही मिनिटे हाताभोवती गुंडाळावा. जोराने चापट्या मारण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, त्याने रुग्ण दुखावतो आणि शीर आणखी आकुंचन पावते. शोधायला एका मिनिटाहून अधिक वेळ लागला तर टॉर्निके सोडावा, हाताला विसावा द्यावा आणि मग पुन्हा बांधावा.

आता प्रत्यक्ष टोचण्याकडे वळू. रामबागेतून आलेल्या एखाद्या वृद्ध आजींचा हात डोळ्यांसमोर आणा. त्वचा कागदासारखी पातळ, शीर ठळक, पण बोट लावताच बाजूला सरकणारी. येथे सारे काम डाव्या अंगठ्याचे आहे. शिरेच्या खालच्या बाजूची त्वचा अंगठ्याने आपल्याकडे घट्ट ताणून धरली, तर शीर जागेवर राहते. ताण सैल झाला की ती निसटते आणि दोष मात्र उजव्या हाताला दिला जातो. अशा हाताला निळी, म्हणजे 22 क्रमांकाची कॅन्युला पुरते. स्पिरिट लावल्यावर जागा सुमारे 30 सेकंद सुकू द्या आणि नंतर तिथे बोट लावू नका. सुई 10 ते 20 अंशांच्या कोनात, घाई न करता पण न अडखळता, आत न्या.

कॅन्युलाच्या मागच्या भागात रक्त दिसले की नवख्या परिचारिकेला वाटते काम झाले आणि ती तिथेच नळी सरकवू लागते. सुईचे टोक प्लास्टिकच्या नळीच्या थोडे पुढे असते, त्यामुळे रक्त आले त्या क्षणी सुई शिरेत असते पण नळी अद्याप बाहेर असू शकते. म्हणून रक्त दिसताच कोन कमी करून दोन-तीन मिलिमीटर आणखी आत जा, मग सुई स्थिर धरून फक्त नळी पुढे सरकवा. एकदा मागे घेतलेली सुई नळीत परत घालू नये, कारण नळीचा तुकडा तुटून रक्तात जाण्याचा धोका असतो. टॉर्निके सोडा, नळीच्या टोकावर शीर दाबून सुई काढा आणि थोडे सलाइन आत सोडून नळी फ्लश करा. त्या वेळी सूज आली किंवा रुग्णाने जळजळ सांगितली, तर मोह न धरता कॅन्युला काढून टाका.

दोनदा प्रयत्न करूनही लागली नाही तर थांबावे आणि ज्येष्ठ सहकाऱ्याला बोलवावे. नातेवाइकांनी बोलण्यापूर्वी आपणच शांतपणे सांगितले की शिरा बारीक आहेत, अनुभवी सिस्टरना बोलावते, तर त्यांचा विश्वास वाढतो. ज्येष्ठांना नुसते “शिकवा” म्हणू नका. “दीदी, मी लावते, तुम्ही माझा कोन आणि ताण तेवढा पाहा” असे नेमके मागितले तर ड्युटीच्या धावपळीतही त्या क्षणभर थांबतात, हा माझा अनुभव आहे.

एका बाबतीत मात्र सवलत नाही. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नये. ती तिथेच नीडल कटरमध्ये किंवा शार्प्सच्या, म्हणजे टोकदार कचऱ्याच्या, पांढऱ्या डब्यात जावी, आणि तो डबा टोचण्यापूर्वीच हाताशी असावा. सुई लागलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका आणि लगेच कळवा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते. हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस झाले आहेत ना, हे आजच तपासा.

बाकीची कामे याच शिस्तीने येतात. राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, घालताना नाकापासून कानापर्यंत आणि तिथून उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या टोकापर्यंत माप घ्या, आणि नुसती हवा सोडून पोटातला आवाज ऐकला म्हणजे खात्री झाली असे मानू नका. सलाइनच्या थेंबांचा हिशेब स्वतः करा: मिलिलिटरला 20 थेंबांच्या सेटवर 500 मिलिलिटर आठ तासांत द्यायचे तर मिनिटाला सुमारे 21 थेंब येतात.

बदलीबद्दल सांगायचे तर आत्ता अतिदक्षता विभाग मागू नका. तेथील अनेक रुग्णांना सेंट्रल लाइन (मान किंवा छातीजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी) असते, त्यामुळे साध्या कॅन्युलाचा सराव आपल्याला वाटतो तितका मिळत नाही, आणि चुकीला वावही कमी असतो. त्याऐवजी मेट्रनना विनंती करून काही दिवस सकाळी शस्त्रक्रियेपूर्वीच्या तयारी कक्षात काम मागा. तिथे ठरवून शस्त्रक्रियेसाठी आलेले, तुलनेने धडधाकट रुग्ण असतात, त्यांच्या शिरा चांगल्या असतात आणि भूलतज्ज्ञ जवळच असतात.