इंधनाचा खर्च आणि छोट्या सेवा व्यवसायाचा कर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ठाण्यात माझा एसी व फ्रिज दुरुस्तीचा व्यवसाय असून जीएसटी नोंदणी आहे. दोन कारागीर दुचाकीवर फिरतात, सामानासाठी एक छोटा टेम्पो आहे. पेट्रोल-डिझेलवर महिन्याला सुमारे 18,000 रुपये जातात. एसीत भरायचा गॅस आणि सुटे भाग यांवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळते, म्हणजे तो कर मी भरायच्या जीएसटीतून वजा होतो, मग इंधनावरच्या कराचे का मिळत नाही?

उत्तर : क्रेडिट मिळत नाही, कारण आपण पंपावर जो कर भरता तो जीएसटी नाहीच. कच्चे तेल, पेट्रोल, हाय स्पीड डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन या पाच वस्तूंवर जीएसटी कधीपासून लावायचा हे जीएसटी परिषदेच्या शिफारशीवर सोडलेले आहे, आणि ती शिफारस होईपर्यंत त्यांवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट हेच कर चालू राहतात. केरळ उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 17 सप्टेंबर 2021 रोजी लखनौच्या बैठकीत हा विषय परिषदेपुढे आला, पण ही वेळ योग्य नाही असे ठरले. सीएनजी हा नैसर्गिक वायू असल्याने तोही बाहेरच आहे. महाराष्ट्राने 1 एप्रिल 2022 पासून त्यावरील व्हॅट 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला, त्यामुळे दराचा दिलासा मिळाला, क्रेडिट मात्र नाही. जीएसटीपूर्वी सेवा कराच्या काळातही पेट्रोल आणि डिझेल सेनव्हॅट क्रेडिटमधून, म्हणजे तेव्हाच्या कर-क्रेडिट योजनेतून, वगळलेलेच होते. म्हणजे सेवा देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला ही सवलत कधी मिळालेलीच नाही, आणि घरोघरी फिरून पोट भरणाऱ्यावर हा भार दुकानात बसून धंदा करणाऱ्यापेक्षा जास्त पडतो, हे मला अन्यायाचे वाटते.

तरीही आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे आयकर. इंधनाची संपूर्ण रक्कम, तिच्यातील उत्पादन शुल्क आणि व्हॅटसह, व्यवसायाचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा होते. नव्या करप्रणालीत वजावटी नाहीत असे ऐकून अनेक जण हा खर्चही सोडून देतात, ते चूक आहे. तिथे वगळल्या आहेत त्या विमा, भविष्य निर्वाह निधी यांसारख्या गुंतवणुकीच्या वजावटी, व्यवसायाचा प्रत्यक्ष खर्च नव्हे. महिन्याला 18,000 म्हणजे वर्षाला 2,16,000 रुपये होतात, आणि आपल्या उत्पन्नाचा वरचा टप्पा 20 टक्क्यांचा असेल तर उपकर धरून सुमारे 45,000 रुपयांचा आयकर वाचतो.

दुसरी गोष्ट वाहनाची. तेरा किंवा त्याहून कमी आसनांच्या प्रवासी वाहनावरील जीएसटीचे क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) नुसार रोखलेले आहे आणि दुचाकी त्यातच मोडते, त्यामुळे तिच्या खरेदीवर, सर्व्हिसिंगवर किंवा विम्यावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही. मालवाहू टेम्पोला मात्र ही बंदी नाही. टेम्पो व्यवसायाच्या नावाने घेतला असेल तर त्याच्या किमतीवरील, गॅरेजच्या बिलावरील, टायर, इंजिन ऑइल आणि विम्यावरील जीएसटीचे क्रेडिट घेता येते. गॅरेजवाल्याकडून आपला जीएसटी क्रमांक घातलेले बिल मागून घ्या; साध्या कागदावर रक्कम लिहून घेतलीत तर हे क्रेडिट गेले. किमतीवरील जीएसटीचे क्रेडिट घेतले असेल तर तेवढ्या रकमेवर घसारा (वाहन जुने होत जाण्यापोटी आयकरात दरवर्षी मिळणारी वजावट) मागता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : कोल्हापुरात आमचा केटरिंगचा व्यवसाय आहे. पंपावर उधारीचे खाते आहे, महिनाअखेरीस 14,000 ते 15,000 रुपये रोख देतो. पावत्या जपून ठेवतो. गाडी घरच्या कामालाही वापरतो. आयकरात काही अडचण येईल का?

उत्तर : अडचण येईल, आणि ती रोखीमुळे येईल. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रक्कम रोख दिली, तर आयकर कायदा 1961 च्या कलम 40A(3) नुसार तो खर्च नामंजूर होतो. तोही 10,000 च्या वरचा भाग नव्हे, पूर्ण रक्कम. महिन्याला 14,500 धरले तर वर्षाचे 1,74,000 रुपये खर्चातून उडतील आणि 20 टक्क्यांच्या टप्प्यात उपकर सोडून 34,800 रुपये कर वाढेल, तेही पेट्रोल प्रत्यक्षात जळलेले असताना. हीच रक्कम यूपीआयने, कार्डाने किंवा ‘अकाउंट पेयी’ धनादेशाने दिलीत की प्रश्नच राहत नाही. 35,000 रुपयांची सवलत असल्याचे आपल्याला कोणी सांगितले असेल, तर ती मालवाहतूकदाराला भाडे देण्यासाठी आहे, पंपासाठी नाही. 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या कायद्याची जागा 2025 चा आयकर कायदा घेत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. रोखीवरचे हे बंधन तिथेही आहे.

पावत्या जपता हे चांगले, पण एकदा त्या काढून पाहा. पंपावरच्या बहुतेक पावत्यांवर वाहन क्रमांकापुढे ‘नॉट एन्टर्ड’ असे छापलेले असते, कारण क्रमांक घालायला कोणी सांगतच नाही. अशी पावती कोणत्याही गाडीची असू शकते. पंपावर क्रमांक घालून मागा, आणि तो कागद काही महिन्यांत कोरा पडतो म्हणून त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

घरच्या वापराबाबत कायदा असे सांगतो की गाडी पूर्णपणे व्यवसायासाठी वापरली जात नसेल, तर इंधन, दुरुस्ती, विमा आणि घसारा यांचा व्यवसायाच्या वाटणीचा भागच वजा होतो. हा भाग अंदाजाने ‘ऐंशी टक्के’ लिहिला तर त्याला आधार राहत नाही. गाडीत एक वही ठेवा, तीत तारीख, निघतानाचा आणि परततानाचा मीटर, ठिकाण आणि ऑर्डरचा क्रमांक एवढेच लिहा. मार्चअखेर व्यवसायाचे किलोमीटर आणि एकूण किलोमीटर यांचे प्रमाण आपोआप निघते, आणि अधिकाऱ्याने विचारले तर ऑर्डरच्या बिलांशी वही ताडून दाखवता येते.

प्रश्न : मी नाशिकमध्ये वायरिंगची कामे घेतो. वर्षाची उलाढाल 18 लाख रुपये आहे. विवरणपत्र अनुमानित नफ्याच्या पद्धतीने भरतो. त्यातून पेट्रोलचे 90,000 रुपये वेगळे वजा करता येतील का?

उत्तर : नाही. आयकर कायदा 1961 च्या कलम 44AD खाली रोख जमेच्या 8 टक्के आणि बँक किंवा यूपीआयने आलेल्या जमेच्या 6 टक्के हा किमान नफा धरला जातो, आणि पेट्रोल, मजुरी, घसारा असे सगळे खर्च त्यात आधीच वजा झाले असे मानले जाते. आपल्या 18 लाखांपैकी 12 लाख बँकेतून आणि 6 लाख रोख आले असतील तर हा किमान नफा 72,000 अधिक 48,000 म्हणजे 1,20,000 रुपये होतो. प्रत्यक्ष नफा याहून जास्त असेल तर तो जास्तच दाखवायचा असतो. 6 आणि 8 टक्के ही सर्वांना दिलेली सरसकट सूट नाही.

पेट्रोल आणि मजुरी एवढी वाढली की खरा नफा या टक्केवारीच्याही खाली गेला, तर ही पद्धत सोडून प्रत्यक्ष जमाखर्चावर विवरणपत्र भरता येते. मात्र एकदा ही पद्धत घेऊन पुढच्या पाच वर्षांच्या आत सोडली, तर त्यानंतर पाच वर्षे तिच्यात परतता येत नाही, आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर हिशेबाच्या वह्या व लेखापरीक्षण बंधनकारक होते. एका वर्षाच्या पेट्रोलसाठी हे पाऊल उचलू नका. तीन वर्षांचे आकडे समोर घेऊन मगच ठरवा.

प्रश्न : पुण्यात सीसीटीव्ही बसवण्याचे काम करतो. बिलात ‘पेट्रोल खर्च 300 रुपये’ अशी वेगळी ओळ घालतो. पेट्रोल जीएसटीबाहेर असल्याने त्या ओळीवर जीएसटी लावत नाही. हे बरोबर आहे ना?

उत्तर : बरोबर नाही. ग्राहकाला आपण पेट्रोल विकलेले नाही, सेवा विकली आहे. तिथे पोहोचण्याचा खर्च हा त्या सेवेच्या किमतीचाच भाग ठरतो आणि सेवेचा जो दर, सामान्यतः 18 टक्के, तोच त्यावर लागतो. ग्राहकाच्या वतीने, त्याच्या सांगण्यावरून तिसऱ्याला दिलेली आणि जशीच्या तशी वसूल केलेली रक्कम वगळता येते, पण आपल्या गाडीत आपण भरलेले पेट्रोल त्यात बसत नाही. मागील बिलांवरचा फरक व्याजासह स्वतःहून भरून टाकलेला बरा.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीत लॉन कापण्याचा छोटा व्यवसाय करतो. तिथे इंधनावरचा कर परत मिळतो असे तो म्हणतो. हे खरे आहे का?

उत्तर : काही अंशी खरे आहे. अमेरिकेत पेट्रोलवर गॅलनमागे 18.4 सेंट संघीय कर आहे आणि तो मुख्यतः महामार्गांसाठी गोळा होतो. व्यवसायात वापरलेले पण रस्त्यावर न धावणारे इंधन, म्हणजे लॉन कापण्याचे यंत्र, जनरेटर, कॉम्प्रेसर यांतले, या कराच्या हेतूत बसत नाही, म्हणून फॉर्म 4136 भरून गॅलनमागे 18.3 सेंट क्रेडिट म्हणून मागता येतात. वर्षाला 600 गॅलन यंत्रांत गेले तर 109.80 डॉलर. कर निघत नसला तरी ही रक्कम परत मिळते. मात्र त्याने त्या पेट्रोलची पूर्ण किंमत खर्चात घातली असेल, तर मिळालेले क्रेडिट उत्पन्नात दाखवावे लागते.

त्याच्या पिकअप ट्रकला हे क्रेडिट नाही, कारण तो रस्त्यावर चालण्यासाठी नोंदवलेला आहे. ट्रकसाठी एकतर मैलामागे ठरवलेला दर, जो 2025 साठी 70 सेंट होता, किंवा प्रत्यक्ष खर्च, यांपैकी एक निवडता येते. मैलाचा दर घेतला तर ट्रकचे पेट्रोल पुन्हा वेगळे वजा होत नाही. एकाच पंपावर ट्रक आणि यंत्रांचे कॅन एकत्र भरण्याची त्याला सवय असेल तर ती मोडायला सांगा. कॅनची पावती वेगळी घ्यावी आणि तिच्यावर किती गॅलन कोणत्या यंत्रासाठी हे लिहून ठेवावे, कारण दावा गॅलनवर होतो, डॉलरवर नाही.